मराठी माध्यमातल्या पोरांना वेबपेज शिकवताय? मग हे वाचा

पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात एकीकडे एमआयडीसीची वर्कशॉप्स, दुसरीकडे आयटी पार्क. तरी शेजारच्या चाळीतली पोरं म्हणतात, "आमचं इंग्रजी कच्चं, आम्हाला कोडिंग कुठलं जमायला!"

अरे, टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये एचटीएमएलचं पहिलं वर्णन मांडलं, त्यात जेमतेम १८ टॅग होते. आज शंभरावर आहेत, पण पहिल्या पानाला आठ-दहा पुरतात. टेबल, फॉर्म, बटन, बॉर्डर हे शब्द पोरांच्या तोंडी आधीच असतात. शिकायचं ते स्पेलिंग. इथे एक गंमत आहे. शाळेत 'कलर' लिहिताना 'यू' घालायला शिकवतात, पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसला मात्र तो चालत नाही. ब्राउझर चूक दाखवत नाही, ती ओळ गुपचूप सोडून देतो. रंग का येईना म्हणून पोरं एकेक अक्षर तपासतात. इतकं बारकाईने इंग्रजी वाचायला डिक्टेशननेही लावलं नसेल!

पहिलं पान मराठीतच करून घ्या. वडापावच्या गाडीचं दरपत्रक घ्या, झकास होतं. मराठी अक्षरं नीट दिसावीत म्हणून यूटीएफ-८ एन्कोडिंग विसरू नका. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. ओळींमध्ये मात्र जागा सोडा, नाहीतर वेलांट्या आणि उकार एकमेकांत घुसतात. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्ता' फॉन्ट फुकट आहे, तो वापरा.

मग तेच दरपत्रक इंग्रजीत. भाषेचा कोड 'एमआर'चा 'ईएन' करा आणि पान मोठ्याने वाचणाऱ्या स्क्रीन रीडरला ते वाचायला सांगा. उच्चारांचा सरावही तिथेच होतो.