टायमिंग सुटले की इंजिन रुसते

वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटी फुलावर आली आणि नेमकी त्याच वेळी पावसाने दडी मारली, की कोपऱ्यात पडलेली जुनी पेट्रोल-रॉकेलची इंजिने बाहेर निघतात. धाम, वणा, यशोदा या नद्यांच्या आणि लहानमोठ्या नाल्यांच्या काठी जिथे विजेचा खांब पोहोचला नाही किंवा वीज वेळेवर येत नाही, तिथे दोन पाणी देऊन पीक वाचविण्याचे काम हीच इंजिने करतात. अशा वेळी इंजिन सुरू झाले नाही तर शेतकरी ते बैलगाडीत किंवा ऑटोत टाकून हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळीच्या गॅरेजात आणतो. त्याच्याजवळ दिवस थोडे असतात आणि खिशात पैसा त्याहून थोडा असतो.

अशा इंजिनावर बरेचदा नवा प्लग बसतो, मग कार्बोरेटर खुलतो, मग रिंगा बदलायची गोष्ट निघते. खर्च वाढत जातो आणि तक्रार तशीच राहते. दोष टायमिंगचा असेल तर यातल्या कशानेही तो जात नाही. टायमिंग बांधायला मात्र नवा सुटा भाग फारसा लागत नाही. लागते ती समज, नजर आणि अर्धा-एक तास सबुरी. आमच्या गॅरेजवाल्या बांधवांसाठी हा विषय आज सविस्तर मांडत आहोत.

टायमिंग म्हणजे काय?

सिलिंडरात दाबलेला वायू ठिणगी पडताच एकदम पेटत नाही. ज्योत पसरायला वेळ लागतो. पिस्टनवर सर्वांत जास्त जोर यायला हवा तो पिस्टन वरचे टोक ओलांडून थोडा खाली वळल्यावर. म्हणून ठिणगी आधीच, पिस्टन वर चढत असतानाच पाडावी लागते. किती आधी, हे चक्क्याच्या अंशांत मोजतात.

हा वेळ किती बारीक असतो ते पाहा. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 50 फेरे, म्हणजे 18,000 अंश होतात. 20 अंशांचे अंतर कापायला एका सेकंदाचा नऊशेवा भाग पुरतो. एवढ्या अवधीत सारा खेळ होतो. तो कानाने ओळखणारे उस्ताद आहेत, पण बांधताना मोजमापच हवे.

ठिणगी उशिरा पडली तर इंजिन सुरू व्हायला त्रास देते, ओढत नाही, तापते, सायलेन्सर लाल होतो आणि त्यात फटाके वाजतात. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोके देते, पिस्टनला भोक पडण्यापर्यंत पाळी येते आणि सुरू करताना हँडल किंवा दोरी उलटी मारते. उलट्या हँडलने मनगट मोडू शकते. कारागिराचे मनगट ही त्याची रोजी आहे, हे विसरून चालणार नाही.

आधी चावी पाहा

टायमिंगला हात घालण्यापूर्वी चक्का काढून त्याची चावी पाहावी. क्रँक आणि चक्का यांना एका जागी धरून ठेवणारी ही लहानशी चावी अर्धी कातरली गेली, की चक्का थोडा सरकतो. मॅग्नेटोचे चुंबक चक्क्यात असल्याने सारा हिशेब बिघडतो आणि चक्क्यावरच्या खुणाही खोट्या पडतात. अशा वेळी पॉइंट कितीही नीट बांधले तरी उपयोग नाही. चक्का पुलरनेच काढावा. हातोडीने ठोकला तर क्रँक वाकतो आणि चुंबकही कमजोर होतात.

नंतर पॉइंट पाहावेत. ते खड्डे पडून जळालेले असतील तर कंडेन्सरचाही संशय घ्यावा. तोंडे घासून साफ करावीत, जास्त झिजली असतील तर जोडी बदलावी. मग फिलर गेजने फट बसवावी. लहान इंजिनांत ती साधारण 0.3 ते 0.5 मिलिमीटर असते, पण कंपनीच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच प्रमाण मानावा.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फट वाढवली तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते. फट कमी झाली तर टायमिंग मागे पडते. पॉइंटची टाच झिजत गेली की फट आपोआप कमी होते. म्हणूनच काल बरे चालणारे इंजिन हळूहळू सुस्त होते. तेव्हा फट आधी आणि टायमिंग नंतर. हा क्रम उलटा केला तर पहिली मेहनत वाया जाते.

वरचे टोक कसे शोधावे?

प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा आणि चक्का चालीच्या दिशेने फिरवावा. अंगठ्याला हवेचा रेटा लागला की समजावे, हा दाबाचा फेरा. फोर-स्ट्रोक इंजिनात या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. पण नेमके टोक अंगठ्याने कळत नाही, कारण टोकाजवळ चक्का काही अंश फिरला तरी पिस्टन हलल्यासारखा दिसत नाही.

त्यासाठी पक्की रीत अशी. प्लगच्या भोकात बोथट टोकाचा अडथळा बसवावा, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याआधी त्याला टेकेल. चक्का हळूच एका दिशेने फिरवून टेकला तिथे, बॉडीवरच्या ठरलेल्या काट्यासमोर, चक्क्यावर खडूची खूण करावी. मग उलट दिशेने फिरवून दुसरी खूण करावी. दोन खुणांमधल्या लहान कमानीचा मध्य हेच वरचे टोक. साइड व्हॉल्व्हच्या जुन्या इंजिनांत प्लग पिस्टनच्या नेमका वर नसतो. तिथे अडथळा घालू नये, हेड काढूनच टोक पाहावे.

दोरीने अंश मोजा

जपानी बनावटीच्या अनेक इंजिनांवर टी आणि एफ अशी अक्षरे असतात. टी म्हणजे टोक, एफ म्हणजे ठिणगी. अमेरिकेत जुन्या गार्डन ट्रॅक्टरांवर कोहलर कंपनीचे के मालिकेचे इंजिन फार चालले. त्याच्या चक्क्यावर टी आणि एस अशा खुणा असून एस ही खूण टोकाच्या 20 अंश आधी येते. पण आपल्याकडे येणाऱ्या जुन्या इंजिनाच्या खुणा बरेचदा घासून गेलेल्या असतात, किंवा चक्काच दुसऱ्या इंजिनाचा बसवलेला असतो. तेव्हा खूण स्वतः करावी.

चक्क्याच्या घेराभोवती दोरी गुंडाळून ती मोजावी आणि 360 ने भागावे. घेर 720 मिलिमीटर भरला तर एक अंश 2 मिलिमीटरचा झाला. पुस्तकात 20 अंश सांगितले असतील तर टोकाच्या खुणेपासून 40 मिलिमीटरवर दुसरी खूण करावी. ही खूण चक्का ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला करावी, म्हणजे ती काट्यासमोर आधी येईल. या ठिकाणी नवशिके हटकून फसतात आणि 20 अंश आधीऐवजी 20 अंश नंतर बांधून बसतात.

पॉइंट केव्हा उघडले?

पॉइंट उघडतात त्याच क्षणी ठिणगी पडते. तो क्षण पकडायला बॅटरी, लहान बल्ब आणि दोन तारा पुरेशा आहेत. आधी कॉइलची तार पॉइंटपासून सोडवावी. ती तशीच ठेवली तर कॉइलमधून विजेला वाट मिळते आणि बल्ब विझतच नाही. मग बल्ब पॉइंटच्या वाटेत जोडावा. पॉइंट मिटलेले असताना बल्ब जळेल, उघडताच विझेल. चक्का चालीच्या दिशेने सावकाश फिरवावा. खूण काट्यासमोर येताना बल्ब विझला तर टायमिंग बरोबर. बल्ब नसेल तर पॉइंटमध्ये पातळ कागद धरून हलके ओढावे. तो सुटला की पॉइंट उघडले. या कामात पेट्रोलचे भांडे जवळ ठेवू नये.

पॉइंटची प्लेट सरकवता येत असेल, तर क्रँक फिरतो त्याच्या उलट दिशेने सरकवल्यास टायमिंग पुढे जाते, त्याच दिशेने सरकवल्यास मागे पडते. स्क्रू आवळताना प्लेट किंचित हलते, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा एकदा तपासावे. शक्य असल्यास चालत्या इंजिनावर टायमिंग लाइट टाकून खूण पाहावी.

डिझेल इंजिनात प्लग नाही, पण टायमिंग आहेच. तिथे पंप डिझेल केव्हा ढकलू लागतो ते पाहतात. पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आणि स्प्रिंग काढून, होल्डर परत बसवून, डिझेल थेंब-थेंब वाहू द्यावे आणि चक्का फिरवावा. थेंब थांबला तो क्षण धरावा. अभियांत्रिकी महाविद्यालयांत नेहमी दिसणाऱ्या किर्लोस्कर टीव्ही-1 इंजिनाला, 1500 फेऱ्यांवर, हा आकडा टोकाच्या आधी 23 अंश आहे. पंपाखालची पातळ पत्री वाढवली तर टायमिंग मागे जाते, काढली तर पुढे येते.

धंद्याची बाजू

नव्या इंजिनांत पॉइंट नाहीत, इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे. त्यामुळे नवी मुले ही विद्या शिकत नाहीत, आणि जुन्या उस्तादांनी ती कागदावर उतरवलेली नाही. पण जुनी इंजिने शेतात अजून आहेत, आणि जो ती बांधू शकतो त्याच्या दारात दूरच्या गावचे गिऱ्हाईक येते. म्हणून गॅरेजात एक वही ठेवावी. इंजिनाची बनावट, चक्क्याचा घेर, पॉइंटची फट, टायमिंगचे अंश हे सारे त्यात लिहावे. ही वही शागीर्दाला हातोडी-पान्याइतकीच उपयोगी पडेल.

सरकारी मदतीबाबत भ्रम नसावा. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत लोहार आणि कुलूप बनवणारे आहेत, इंजिन मिस्त्री नाहीत. गॅरेज चालवणाऱ्यांनी 2000 साली स्थापन झालेल्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे कर्जाची चौकशी करावी आणि मुलांना आयटीआयच्या वाटेला लावावे. हाताला हुनर असतानाही कागद नाही म्हणून मागे राहणे परवडणारे नाही.

शेवटी दामाविषयी. टायमिंगचे काम केले तर टायमिंगचीच मजुरी घ्यावी, आणि ती पुरेपूर घ्यावी, कारण ती डोक्याची मजुरी आहे. जो भाग बदलला नाही त्याचे पैसे बिलात लावू नयेत. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा. ज्याची पऱ्हाटी वेळेवर पाणी मिळून वाचली, तो शेतकरी पुढच्या हंगामात एकटा येत नाही, शेजाऱ्यालाही घेऊन येतो.