पहिली रायफल घेताना: ठाणे-डोंबिवलीकरांसाठी

ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने ऑक्टोबर 2022 मध्ये कैरोत 10 मीटर एअर रायफलचं जागतिक विजेतेपद पटकावलं. तेव्हापासून अनेक घरांत एकच विषय: पोराला रायफल घ्यायची, पण कोणती?

सिनेमातली सेमी-ऑटोमॅटिक डोक्यातून काढलेली बरी. शस्त्र नियम 2016 नुसार अशा बहुतेक रायफली प्रतिबंधित गटात मोडतात. .22 रायफलला परवाना लागतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांना त्यासाठी ठाणे पोलीस आयुक्तालयाचा उंबरठा झिजवावा लागतो. .177 म्हणजे 4.5 मिमी व्यासाची, 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल मात्र परवान्याविना मिळते. स्पर्धेची रायफल जेमतेम साडेसात ज्यूलची!

ताकद नव्हे, माप बघायचं. दहा गुणांचा ठिपका असतो अवघा अर्धा मिलिमीटर. म्हणून गाल टेकवायची पट्टी आणि खांद्याची बटप्लेट नेमबाजाच्या अंगाला जुळवता आली पाहिजे. वजन नियमाप्रमाणे साडेपाच किलोच्या आत हवं. डावखुऱ्यांची मूठ वेगळी असते.

जुनी रायफल घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचायचीच. नामवंत कंपन्यांच्या सिलिंडरचं आयुष्य साधारण 10 वर्षं. मुदत संपली असेल तर नव्या सिलिंडरचा खर्च किमतीतून वळता करून घ्यावा.

सुरुवातीचे काही महिने क्लबची रायफल वापरावी, मग प्रशिक्षकाला सोबत नेऊनच खरेदी करावी. आणि गॅलरीतून कबुतरांवर नेम? अजिबात नाही.