भुंगेऱ्याविना चाफा

आमच्या आगाशीकडच्या वाडीत केळ बियांनी लावत नाहीत. राजेळीच्या गड्ड्याला फुटलेलं पिल पहारीने सोडवायचं, पुढच्या खड्ड्यात लावायचं. पानवेलीचंही तेच, वेलीचा तुकडा रोवला की झालं. ना मधमाशी लागते ना पाखरू. त्यामुळे शेजारच्या मास्तरांनी परवा विचारलं, "एखाद्या ग्रहावर नुसती झाडंच झाली, प्राणी झालेच नाहीत, असं होईल का हो?" तेव्हा मी बेधडक हो म्हणून बसलो.

मास्तर ऐकतात थोडेच! "मग झाडांना कार्बन डायऑक्साइड कोण देणार?" हा प्रश्न बहुतेकांना पडतो, पण त्यात दम नाही. घड उतरवल्यावर केळीचा खांब आम्ही बांधावर टाकतो. पावसाळ्यात त्याचा लगदा होतो तो मुख्यतः बुरशी आणि जिवाणूंमुळे, आणि तेच हा वायू हवेत सोडतात. ज्वालामुखी वेगळेच. पृथ्वीवरच्या सजीवांत जेवढा कार्बन आहे, त्यातला सुमारे 80 टक्के वनस्पतींत. सगळे प्राणी मिळून अर्धा टक्काही भरत नाहीत.

शिवाय बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या तळ्यातलं, हिरवं पाणी बघा. जवळजवळ तेवढ्यावरच पृथ्वीने फार मोठा काळ काढला. निळ्या-हिरव्या जिवाणूंनी सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू भरायला घेतला. प्राणी आले जेमतेम 60 कोटी वर्षांपूर्वी.

अडलो ते पुढे. पानातला हिरवा कण मुळात असाच एक जिवाणू. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीने त्याला गिळलं, पण पचवलं नाही. म्हणजे झाड व्हायलाही आधी कुणीतरी गिळणारं लागलं! तो प्राणी नव्हे, पण खोड तीच. ती एकदा लागल्यावर पुढे प्राणी होणारच नाहीत, याची हमी मी कुठून देऊ? आणि आमच्या केळीचा पूर्वज बियांचाच होता, वटवाघळांच्या भरवशावर जगणारा. बिनबियांचं केळ जपलं माणसाने, आणि माणूस म्हणजे प्राणीच की.

सोनचाफ्याने तर माझी पुरतीच विकेट काढली. तो वास काही आपल्यासाठी नाही, तो भुंगेऱ्यांना बोलावणं धाडतो. किडेच नसते तर शेवाळ, नेचे, वाऱ्यावर पराग सोडणारी गवतं असती. हा वास कशाला असता? आम्ही मात्र पहाटे कळ्या खुडतो आणि टोपली पहिल्या लोकलने दादरला जाते. भुंगेरा येईतो झाडावर फूल उरलेलंच नसतं.