स्कॅनची सीडी जपायची कशी?

सीटी स्कॅन किंवा एमआरआय झाला, की रिपोर्टसोबत एक सीडी हातात पडते. घरी ती फाइलमध्ये जाते आणि विसरली जाते. दोन वर्षांनी नव्या स्कॅनमध्ये फुप्फुसात छोटी गाठ दिसते आणि डॉक्टर विचारतात, "जुना स्कॅन आहे का?" गाठ तेव्हाही तेवढीच असेल, तर बहुतेक वेळा काळजीचे कारण उरत नाही. वाढली असेल, तर सुईने तुकडा काढून तपासावा लागतो. आणि नेमकी ती सीडी उघडत नाही.

चकचकीत बाजूला बोट लागू नये म्हणून सगळे जपतात. खरी नाजूक बाजू वरची, म्हणजे छापील. सीडीतली माहिती तिथेच, वॉर्निशसारख्या पातळ थराखाली असते. चकचकीत बाजूला सुमारे 1.2 मिलिमीटर जाड प्लास्टिकचे संरक्षण असते. वरून आलेला ओरखडा मात्र माहितीच खरवडून नेतो. डीव्हीडीत माहिती दोन चकत्यांच्या मधोमध असल्याने ही भीती कमी.

म्हणून नाव लिहायला बॉलपेन नको, मऊ टोकाचा सीडी मार्कर हवा. कागदी स्टिकर तर नकोच. तो एका बाजूला सरकला तर वेगाने फिरणारी चकती थरथरते आणि काढू गेल्यास खालचा थर सोबत निघू शकतो. छपाईयोग्य पांढऱ्या चकत्या मिळतात. स्कॅन सेंटरने त्यांवर नाव, वय, तारीख आणि तपासणी थेट छापणे उत्तम. नुसत्या पाकिटावर नाव आणि आत कोरी सीडी, ही सवय धोक्याची आहे. वॉर्डात दोन शिंदे असले, की पाकिटांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही.

सीडी फिल्मच्या पाकिटाला स्टेपल करू नये. कडक प्लास्टिकची डबी सर्वांत बरी. गाडीच्या डिकीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवल्यास उष्णतेने आणि प्रकाशाने आतला रंगद्रव्याचा थर खराब होतो. पुसायची वेळ आलीच, तर मऊ कापडाने मधून कडेकडे. गोल गोल नाही.

आता बहुतेक लॅपटॉपना सीडी ड्राइव्हच नसतो. त्यामुळे पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावा. स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो तुलनेला पुरत नाही. डॉक्टरांना गाठ मोजण्यासाठी मूळ डायकॉम फाइली लागतात. सीडी पहिल्या आठवड्यातच एकदा उघडून पाहावी. उघडली नाही, तर सेंटरच्या संगणकात स्कॅन असेपर्यंत दुसरी प्रत मागता येते.