येलदरीच्या पाण्यावर कोणती बोट?

परभणी जिल्ह्यात इंजिनवाली बोट लोकांच्या नजरेस पडते ती बहुधा पुरात. गोदावरी, म्हणजे आमच्याकडची गंगा, चढली आणि गंगाखेड, पालम, सोनपेठकडची गावे वेढली गेली की ट्रकवर लादलेली रबरी बोट येते. पाणी ओसरले की ती पुन्हा गोदामात जाते. एरवी जिल्ह्याच्या पाण्यावर मच्छीमारांच्या होड्या आणि थर्माकोलचे तराफे असतात. अशा जिल्ह्याच्या वाचकापुढे वॉटर स्कीइंगच्या, म्हणजे बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरण्याच्या खेळाच्या, बोटी आणि साहित्य हा विषय मी मुद्दाम मांडतो आहे. माणूस पाण्यात, त्याच्याजवळ वेगाने फिरणारा पंखा, दोघांमध्ये एक दोरी, आणि तरीही कुणाला इजा नाही, हे कसे साधायचे याचा अभ्यास या खेळाने शंभर वर्षे केला आहे. पुरात सुटकेला गेलेल्या बोटीपुढे हाच पेच असतो. म्हणून खेळासाठी जे शिकले गेले, ते परभणीला जीव वाचवण्यासाठी हवे आहे.

आधी आपले पाणी पाहू. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरचे येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झाले. मातीचा लांबलचक बांध, सांडव्याला दहा दरवाजे, सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर साठा आणि पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे वीजघर. पलीकडचा काठ हिंगोलीच्या सेनगावचा. गोदावरीवर ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस असे उच्च पातळीचे बंधारे ओळीने उभे राहिले आणि पूर्वी उन्हाळ्यात वाळू उघडी पडायची तिथे आता मैलोगणती पाणी तुंबते. सेलूकडे लोअर दुधना आहे, गंगाखेडजवळ मासोळी आहे. पाणी नाही ही मराठवाड्याची तक्रार खरी, पण परभणीत चांगल्या पावसाच्या वर्षी दिवाळीनंतर बोट चालवण्याजोगे पाणी भरपूर असते.

मात्र हे पाणी स्थिर नसते. येलदरीची पातळी दिवाळीला एक आणि होळीला दुसरीच असते. बुडीत क्षेत्रातल्या जुन्या विहिरींची कठडी, झाडांचे खुंट, पडक्या भिंती डिसेंबरात चार पुरुष खोल असतात आणि मार्चमध्ये हातभर पाण्याखाली येतात. वरून पाणी तसेच सपाट दिसते. जिथे वेगाने बोट न्यायची तिथे उन्हाळ्यात, तळ उघडा असताना, पायी फिरून खुणा करून ठेवाव्यात, हा माझा पहिला आणि सर्वांत स्वस्त सल्ला. या कामाला मच्छीमारांइतका जाणकार नाही. त्यांच्या पिढ्या त्या पाण्यावर गेल्या आहेत आणि कुठे जाळे अडकते हे त्यांना तोंडपाठ असते. जिथे जाळे अडकते तिथे पंखाही अडकतो.

वॉटर स्कीइंगची सुरुवात कुठल्या श्रीमंत क्लबात झाली नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेक पेपिन नावाचे सरोवर आहे. १९२२ च्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा तिथे बोटीमागे उभे राहून पाण्यावर घसरण्याच्या खटपटीत होता. पिंपाच्या फळ्या वापरून पाहिल्या, बुडाला. बर्फावरच्या स्की वापरल्या, त्याही बुडाल्या. मग त्याने आठ फूट लांब, नऊ इंच रुंद फळ्या आणल्या, त्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वर वळवली आणि २ जुलैला तो पाण्यावर उभा राहिला. पाठीमागे रेलून फळ्यांची टोके पाण्याबाहेर ठेवायची, ही युक्ती त्याला तेव्हा सापडली. आजही नवशिक्याला हेच शिकवतात: गुडघे छातीशी, हात सरळ, आणि स्वतः उठू नको, बोटीला तुला उठवू दे.

त्या फळ्या एवढ्या रुंद का लागल्या, हे समजून घेण्यासारखे आहे. सॅम्युएलसनच्या भावाच्या बोटीचे इंजिन कमी ताकदीचे होते, वेग फारसा नव्हता. वेग कमी असेल तर माणसाचे वजन तोलायला फळीचे क्षेत्रफळ जास्त लागते. आपल्याकडे जिल्हा पातळीवर मिळणारी बोट चाळीस अश्वशक्तीची असली, तर तिच्यामागे रुंद जोडफळ्यांवर हलक्या वजनाचा मुलगा ताशी पंचवीस-तीस किलोमीटरने उभा राहू शकतो. भारी वजनाच्या माणसाला एका फळीवर खोल पाण्यातून उठवायला मात्र तिच्या दुप्पट-तिप्पट ताकद हवी.

खेळासाठीच घडवलेल्या बोटी साठच्या दशकात आल्या. फ्लोरिडातली 'स्की नॉटिक' १९६१ पासून 'करेक्ट क्राफ्ट' कंपनीने बांधायला घेतली. टेनेसीत 'मास्टरक्राफ्ट' सुरू झाली १९६८ मध्ये, म्हणजे येलदरीच्याच वर्षी. या बोटींचे इंजिन मध्यभागी असते, बूड बरेचसे सपाट असते आणि दोरी मागच्या काठाला नव्हे, तर बोटीच्या मधोमध उभ्या केलेल्या खांबाला बांधतात. मागच्या टोकाला बांधलेली दोरी आडवी ओढली गेली की बोटीचे शेपूट फिरते आणि सुकाणू चालकाचे ऐकत नाही. मधल्या खांबावर ताण आला तर बोट आपली दिशा सोडत नाही. स्पर्धेची वाट २५९ मीटरची असते, तिच्यात सहा बोये. पुरुषांची कमाल गती ताशी ५८ किलोमीटर, महिलांची ५५. दोरी सुरुवातीला २३ मीटर, मग टप्प्याटप्प्याने आखूड करत नेतात. मागेपुढे वेग घ्यायला आणि थांबायला जागा धरली तर सहा-सातशे मीटर सरळ, वाऱ्यापासून आडोसा असलेले पाणी लागते. बंधाऱ्यांच्या फुगवट्यात असे पट्टे नक्की सापडतील.

तरीही परभणीसाठी अशी बोट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिचा पंखा बुडाखाली उघडा असतो आणि वर उचलता येत नाही. एका खुंटाने पंखा, दांडा, सुकाणू सगळे जाईल. किंमत अफाट, सुटे भाग परदेशी, आणि पुराच्या गढूळ प्रवाहात तिचा उपयोग शून्य. आपल्याला हवी ती साडेचार-पाच मीटरची, कडक बुडाची आणि भोवती हवेच्या नळ्या असलेली, किंवा जाड ॲल्युमिनियमची बोट. मागे चाळीस ते साठ अश्वशक्तीचे, वर उचलता येणारे फोर-स्ट्रोक इंजिन, ज्याला बोटवाले सरसकट ओबीएम म्हणतात. मध्यभागी ओढणीसाठी मजबूत खांब बसवून घ्यावा. आठ महिने ती प्रशिक्षणाला आणि खेळाला चालेल, चार महिने पुरासाठी सज्ज राहील.

नळ्यांचे कापड निवडताना घासाघीस करू नये. पीव्हीसी स्वस्त पडते, पण परभणीचा मे महिना चव्वेचाळीस अंशांना टेकतो आणि त्या उन्हात पीव्हीसीचे सांधे सुटू लागतात. हायपॅलॉन महाग, पण ऊन सोसते. सकाळी गारव्यात टम्म भरलेली नळी दुपारी उन्हात फाटू शकते, म्हणून बोट काठावर उभी असताना थोडी हवा सोडावी. साठवणीच्या खोलीत धान्याची पोती असतील तर उंदीर आलेच, आणि बोटीला पडलेली बरीच भोके पाण्यात नव्हे, गोदामात पडतात.

इंजिनाचे दुखणे बहुतेक वेळा पेट्रोलपासून सुरू होते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते. पावसाळ्यानंतर टाकीत तसेच राहिलेले इंधन पुढच्या जूनपर्यंत थर सोडते, कार्बोरेटरमध्ये चिकट साका धरतो आणि ऐन पुरात दोरी ओढून ओढून खांदे दुखतात तरी इंजिन बोलत नाही. टाकी रिकामी करावी, नळीतले पेट्रोल इंजिन चालवून संपवावे, दर महिन्याला ताजे इंधन घालून पाण्यात दहा मिनिटे तरी चालवावे. इंजिन सुरू असताना बाजूच्या छोट्या भोकातून पाण्याची धार बाहेर पडते का, हे आधी पाहावे. धार नसेल तर इंजिन लगेच बंद. थंडाव्याच्या पंपातली रबरी चकती पुराच्या गाळाने लवकर झिजते, ती दर हंगामात बदलावी.

पंख्याचा शत्रू म्हणजे नायलॉनचे जाळे. बारीक तंगूस दांड्याभोवती गुंडाळते, तेलाचे सील कापते, गिअरच्या तेलात पाणी शिरते. तेल दुधासारखे पांढरे दिसले की समजावे. पुरात भर पडते ती वाहत येणाऱ्या पऱ्हाट्यांची आणि जलपर्णीची. म्हणून बोटीत एक धारदार चाकू, जास्तीचा पंखा, त्याची पिन आणि पाना असलाच पाहिजे. दोन वल्हीही हवीत. इंजिनावर विसंबून वल्हे काठावर ठेवणारा नावाडी मी चांगला मानत नाही.

लाइफ जॅकेटबद्दल आपल्याकडे फार ढिलाई आहे. बहुतेक माणसांना पाण्यात वर धरायला चार-पाच किलोचा उठाव पुरतो, पण तेवढ्याने बेशुद्ध माणसाचे तोंड वर राहीलच असे नाही. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा लिहिलेला असतो. पन्नास न्यूटन म्हणजे साधारण पाच किलोचा उठाव, तो पोहता येणाऱ्या शुद्धीतल्या खेळाडूसाठी. सुटकेसाठी कॉलर असलेले शंभर किंवा दीडशे न्यूटनचे हवे, ते माणसाला उताणे करून तोंड पाण्याबाहेर ठेवते. हवेने फुगणारे जॅकेट स्की खेळताना वापरू नये, ताशी चाळीसच्या वेगाने पाण्यावर आपटल्यावर भरवसा फोमचाच. जुनी जॅकेटे दरवर्षी तपासावीत: पाच लिटरचा पाण्याने गच्च भरलेला कॅन बांधून भागणार नाही, कारण पाण्यातल्या पाण्याला वजन नसते. लोखंडी वजन बांधून टाकावे. लहान मुलांची मापे वेगळी घ्यावीत. नऊवारी किंवा पाचवारीतल्या बायकांना पायांमधून घ्यायचा पट्टा अडचणीचा होतो, म्हणून कमरेला दोन रुंद पट्टे असलेली काही जॅकेटे प्रत्येक बोटीत राखून ठेवावीत. हे बोलायला कुणी धजावत नाही, आणि मग पट्टा न बांधताच जॅकेट अंगावर अडकवले जाते.

ओढण्यासाठी तरंगणारी पॉलिप्रॉपिलीनची दोरी वापरावी. नायलॉनची दोरी बुडते आणि पंख्यात जाते, शिवाय ताणून तुटली तर चाबकासारखी परत येते. उन्हाने भुरभुरीत झालेली दोरी निर्दयपणे फेकून द्यावी. पिशवीत भरलेली पंधरा-वीस मीटरची फेकदोरी सुटकेच्या बोटीत दोन तरी असाव्यात.

पण स्कीइंगकडून घ्यायची सर्वांत मोठी गोष्ट साहित्याची नाही, माणसांची आहे. बोटीत कधीही एकटा चालक नसतो. चालक पुढे पाहतो, दुसरा माणूस फक्त मागे पाहतो आणि हातांच्या खुणांनी बोलतो. चालकाच्या पायाला किंवा जॅकेटला किल-स्विचची लाल दोरी बांधलेली असते. तो बाहेर फेकला गेला की इंजिन त्या क्षणी बंद पडते, नाहीतर रिकामी बोट गोल फिरत त्याच्यावरच येते. पडलेल्या माणसाकडे वळताना तो चालकाच्या बाजूला, डोळ्यांसमोर ठेवायचा आणि त्याला वर घेताना इंजिन न्यूट्रल नव्हे, पूर्ण बंद करायचे. वाहत्या पुरात यात भर एवढीच, की इंजिन बंद करण्याआधी बोट झाडाला किंवा भिंतीला दोरीने धरून ठेवायची. अडकलेल्या घराकडे खालच्या अंगाने, प्रवाहाला तोंड देत जायचे. वीजवाहिन्या पाण्याजवळ लोंबत असतात, त्यामुळे महावितरणने पुरवठा बंद केल्याची खात्री आधी करायची.

ही शिस्त नसल्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ येथे कृष्णेच्या पुरात गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि सतरा जण गेले. बोटीत क्षमतेहून जास्त माणसे होती. २१ मे २०२४ रोजी उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण बुडाले, एक जण पोहून काठाला लागला. दोनच दिवसांनी अकोले तालुक्यात प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट भोवऱ्यात सापडली आणि तीन जवान मृत्युमुखी पडले. प्रशिक्षित माणसांनाही नदी सोडत नाही. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली उलटे वळते, बोटीला भिंतीकडे ओढते आणि लाइफ जॅकेट घातलेला माणूसही त्यात गरगरत राहतो. गोदावरीवर आपण पाच बंधारे बांधले आहेत. दरवाजांतून पाणी सुटत असताना त्यांच्या खालच्या अंगाला बोट न्यायचीच नाही, हा नियम जिल्ह्याने लेखी करावा. २००६ साली जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटले होते, ते गंगाखेडकरांनी पाहिले आहे.

कायद्याची चौकट आता तयार आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला. यंत्रावर चालणाऱ्या बोटीला नोंदणी, तपासणी, विमा आणि पात्र चालक बंधनकारक आहे. जलाशय जलसंपदा विभागाचा, म्हणून त्यांचीही परवानगी लागते, आणि मासेमारीचा हक्क असलेल्या सहकारी संस्थांशी पाण्याच्या वाटणीचे आधी बोलावे लागते. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हाचे दोन-तीन तास आणि एक ठरलेला पट्टा बोटीसाठी राखला तर कुणाच्या जाळ्याला धक्का लागणार नाही. प्रशिक्षणाची सोय गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत आहे. पॉवरबोट चालवण्याचे आणि जीवरक्षणाचे अभ्यासक्रम तिथे चालतात. तिथे पाठवायला मच्छीमारांची मुले निवडावीत. पाणी त्यांच्या अंगात आहे, फक्त इंजिनाची ओळख करून द्यायची आहे.

माझी विनंती जिल्हा प्रशासनाला आणि नदीकाठच्या ग्रामपंचायतींना आहे. या दिवाळीनंतर येलदरी भरलेले असेल, तेव्हा गोदामातल्या बोटी बाहेर काढा. दर महिन्याच्या एका रविवारी त्या पाण्यात उतरवा, मच्छीमारांच्या मुलांना चालवायला द्या, मागे रुंद फळ्यांवर शाळेतली पोहणारी मुले उभी करा. चालक कोण, मागे पाहणारा कोण, आणि दोघांचे फोन नंबर काय, हे जूनच्या आधी प्रत्येक गावाच्या फलकावर लिहिलेले असू द्या.