रडणारं बाळ कुणाचं?

भाच्यासोबतचा सेल्फी इन्स्टावर टाकला की लाइक्सचा पाऊस ठरलेला. ‘सो क्यूट’, ‘मावशीचा लाडका’, हार्टवाले इमोजी. फक्त त्या फोटोत ताई नसते. ती बाजूला, पहाटे चारपासून जागी.

ताई बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा माझी परीक्षा सुरू होती. रात्री दोनला मी नोट्स घेऊन जागी, ती बाळाला घेऊन. फरक एवढाच, की माझी परीक्षा पंधरा दिवसांत संपली.

नवजात बाळ दिवसाला १४ ते १७ तास झोपतं, हे वाचून मला वाटलं होतं, वा, आईला केवढा आराम! पण ही झोप असते तुकड्यातुकड्यांची. २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध लागतं, म्हणजे दर दोन-तीन तासांनी. पाजा, ढेकर काढा, लंगोट बदला, झोपवा. आईचा डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा भोंगा सुरू!

त्यात सल्ले फुकट. आजी म्हणायची, ‘मधाचं बोट चाटव.’ डॉक्टरांनी तर बजावलेलं, वर्षाच्या आत मध अजिबात नाही. शेजारच्या काकू म्हणायच्या, ‘उन्हाळा आहे, दोन चमचे पाणी पाज.’ पण पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नाही. प्रत्येक वेळी वाद घालायचा की हसून सोडून द्यायचं, हेही ताईनंच ठरवायचं. बाळ जरा जास्त रडलं, की ‘तुझं दूध पुरत नाही वाटतं’ हे आलंच.

आणि मी? मी ‘मदत’ करत होते. म्हणजे खेळवत होते. एका संध्याकाळी तो रडायला लागला तशी मी सवयीनं म्हटलं, ‘ताई, घे गं याला.’ ती नुकतीच जेवायला बसली होती. तिनं ताट सरकवलं आणि एकदम रडायलाच लागली. म्हणाली, ‘हसणारं बाळ सगळ्यांचं, रडणारं तेवढं माझं!’

मला काही बोलताच आलं नाही. कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहा ते आठ ड्युटी माझी. ताईनं पाजलं की बाळ माझ्याकडे. रडलं तरी दार वाजवायचं नाही. पहिल्या दिवशी माझाच घाम निघाला. पण ताई सलग दोन तास झोपली. शनिवार-रविवारी पाहुण्यासारखे येणारे जिजूही मग लंगोट बदलायला शिकले. जमतं हो, शिकलं की!

आता साहेब सव्वा वर्षाचे आहेत आणि लेव्हल बदललीय. चार्जर, चपला, कुंडीतली माती, सगळं तोंडात. एक वाटी वरणभात भरवायला पाऊण तास लागतो. मोबाइल दाखवला तर दहा मिनिटांत संपेल, पण जागतिक आरोग्य संघटना सांगते, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच. त्यासाठी आधी आम्हालाच जेवताना फोन बाजूला ठेवावे लागले. हे जास्त कठीण होतं!

तुमच्याही घरात ताई, वहिनी, काकू यांचं बाळ असेल तर एवढं करा:

* ‘काही लागलं तर सांग’ म्हणू नका. एक काम ठरवून पूर्ण अंगावर घ्या. बाटल्या उकळणं, कपडे वाळत घालणं, लसीकरणाच्या तारखा लक्षात ठेवणं, काहीही.
* बाळाबद्दल विचारण्याआधी ‘तू जेवलीस का, झोपलीस का?’ हे विचारा.
* बाळंतपणानंतर सुरुवातीचे काही दिवस उगाच रडू येणं, चिडचिड होणं अनेक जणींच्या बाबतीत घडतं. पण दोन आठवडे उलटूनही उदासी जात नसेल, तर ‘होतं असं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आणि हो, सेल्फी जरूर काढा. फक्त तो रडायला लागला, की लगेच परत देऊ नका.