भट्टीतली हवा आणि क्षयाचे जंतू

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. बी.ए.पर्यंत शिकलेला, मराठीत कविता लिहिणारा माधवनगरचा एक माणूस आहे. तरीही आज मी एका औषधी यंत्राविषयी बोलणार आहे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी हे यंत्र जर्मनीत निघाले. क्षयाच्या रोग्याने त्यातून कढत हवा ओढायची आणि त्या हवेने फुफ्फुसातले जंतू मरायचे, अशी त्यामागची कल्पना होती. यंत्र कधीच अडगळीत गेले. कल्पना मात्र गेली नाही. २०२०-२१ च्या कोरोनाकाळात ती आपल्या घराघरांत पुन्हा शिरलेली मी पाहिली. म्हणून तिची हकिकत सांगावीशी वाटते.

आजाराला माणूस नाव देतो तेव्हा त्या नावात त्याची भीतीही उतरते. मराठीत आपण ‘क्षय’ म्हणतो, म्हणजे झिजणे. आमच्या घरात नानी ‘दिक’ म्हणायची. उर्दूत ‘तप-ए-दिक’ असा शब्द आहे. तप म्हणजे ताप, आणि दिक म्हणजे बारीक. अंगात मुरून राहिलेला, माणसाला बारीक करत नेणारा ताप. दोन भाषांतल्या माणसांनी एकच गोष्ट पाहिली होती. रोगी डोळ्यांदेखत झिजत जातो आणि घरच्यांच्या हातात काही राहत नाही.

हातात काही नसणे म्हणजे काय, याची दोन उदाहरणे आपल्याला ठाऊक आहेत. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वय अवघे एकवीस. राम गणेश गडकरी, म्हणजे आमचे गोविंदाग्रज, २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला गेले, तेही क्षयानेच. त्यांचे वय तेहतीस. या दोन मृत्यूंमध्ये बत्तीस वर्षांचे अंतर आहे. या काळात रोगाचे कारण जगाला कळलेले होते. औषध मात्र नव्हते.

कारण कळले ते १८८२ साली. २४ मार्च रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी जाहीर केले की क्षय हा एका जंतूमुळे होतो. हा जंतू त्यांनी प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. त्यांच्या निरीक्षणात आणखी एक गोष्ट होती. हा जंतू आपल्या शरीराच्या उष्णतेला, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास, चांगला वाढतो. ४२ अंशांच्या वर त्याची वाढ थांबते. ३७ आणि ४२ यांत फक्त पाच अंशांचा फरक. आता कुणाच्याही मनात येईल की फुफ्फुस तेवढे तापवता आले तर काम झाले!

त्यातच १८८८ मध्ये हाल्टर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी एक निरीक्षण मांडले. चुन्याच्या भट्टीवर काम करणाऱ्या मजुरांना क्षय होत नाही, असे त्यांना आढळले होते. चुनखडी भाजून कळीचा चुना करायचा तर भट्टी फार तापवावी लागते. मजूर दिवसभर त्या कोरड्या, गरम हवेत श्वास घेतात. तीच हवा त्यांना वाचवत असेल, असा तर्क निघाला. कॉख यांचा आकडा आणि हाल्टर यांचे मजूर या दोन गोष्टी एकमेकींशी चपखल जुळल्या.

बर्लिनच्या लुई वायगर्ट यांनी मग यंत्रच तयार केले. धातूचे एक भांडे, त्याखाली ज्योत. तापलेल्या धातूवरून हवा जाई आणि नळीवाटे रोग्याच्या तोंडाशी येई. यंत्रातल्या हवेचे तापमान सुमारे १५० ते १८० अंश असे. रोग्याने नळी तोंडात धरून ती हवा ओढायची, दिवसातून दोनदा, बराच वेळ बसून. या यंत्राची कीर्ती पाहता पाहता अटलांटिकपलीकडे गेली.

इथे आपल्याला शंका येते. पाणी शंभर अंशांना उकळते. मग दीडशे अंशांच्या हवेने माणसाचा घसा भाजत कसा नव्हता? याचे उत्तर बेकरीत मिळते. भट्टीतून पाव काढणारा कारागीर तापलेल्या हवेत हात घालतो, तरी त्याचा हात भाजत नाही. तोच हात पत्र्याच्या ट्रेला लागला तर लगेच फोड येतो. हवा आणि ट्रे दोन्ही सारखेच तापलेले, पण हवेच्या अंगात उष्णता फार थोडी मावते. हिशेब करून पाहा. आपण एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. दीडशे अंशांच्या अर्ध्या लिटर कोरड्या हवेत शरीरापेक्षा जी जास्तीची उष्णता असते, तिने चहाचे दोन चमचे पाणी जेमतेम एक अंशाने तापेल. सुमारे अकरा कॅलरी, बस्स.

एवढीशी उष्णता नाक, तोंड आणि घसा यांच्या ओल्या अस्तरातच खर्च होते. हवा श्वासनलिकेतून खाली उतरेपर्यंत शरीराच्या उष्णतेला येते. जी थोडी पुढे पोहोचेल तिला रक्त गाठते. हृदयाचा उजवा भाग दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फुफ्फुसातून फिरवतो. ते रक्त एकसारखे ३७ अंशांवर असते. म्हणजे वाहत्या ओढ्यात एक एक निखारा टाकून ओढा तापवण्यासारखेच हे आहे. पुढे १९४५ मध्ये अमेरिकेत मॉरिट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून हे मोजले. कितीतरी अधिक तापलेली कोरडी हवासुद्धा फुफ्फुसात पोहोचण्याआधी बरीच निवते, असे त्यांना दिसले.

त्याच प्रयोगात दुसरीही गोष्ट दिसली. वाफ मात्र खोलवर जाऊन भाजते. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. श्वासभर कोरड्या हवेतल्या अकरा कॅलरींशेजारी हा आकडा ठेवून पाहा. कोरोनाकाळात आमच्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरात पातेली उकळत होती. सर्दीने नाक चोंदले असता जपून घेतलेल्या वाफाऱ्याने थोडे मोकळे वाटते, ते ठीक आहे. पण वाफेने फुफ्फुसातला विषाणू मरतो, हे समजणे चूक होते. उलट पातेले कलंडून पोरे भाजली. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी २०२० मध्ये याविषयी वैद्यकीय नियतकालिकात इशारा दिला होता. आपल्याकडेही लहान मुलाला उकळत्या पाण्यापुढे बसवणे धोक्याचेच.

आता वायगर्ट यांच्या यंत्राकडे परत जाऊ. त्याची परीक्षा घेतली ती डॉ. एडवर्ड ट्रुडो यांनी. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या डोंगराळ भागात, सारानॅक लेक इथे, त्यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढले होते. हा माणूस स्वतः क्षयाचा रोगी होता. त्यांच्या भावाला क्षय झाला तेव्हा त्यांनी त्याची शुश्रूषा केली होती, आणि भाऊ त्यातच गेला होता. अशा माणसाला नवा उपाय खरा ठरावा असे किती वाटत असेल! त्यांनी आपल्या काही रोग्यांना यंत्रातली हवा दिली. रोगी काय म्हणतात एवढ्यावर ते थांबले नाहीत. उपचारानंतरची थुंकी त्यांनी प्रयोगशाळेत तपासली. त्यातले जंतू जिवंत होते आणि पूर्वीसारखेच वाढत होते. १८८९ मध्ये त्यांनी हा निष्कर्ष छापून टाकला. गरम हवेने जंतू मरत नाहीत.

मग चुन्याच्या भट्टीवरच्या मजुरांचे काय? तर्क म्हणून आपल्याकडच्या गुऱ्हाळाचे उदाहरण घ्या. कायलीजवळ उभा राहणारा गुळव्या धडधाकट दिसतो. आच त्याला धडधाकट करते म्हणून नव्हे. ज्याला दम लागतो, खोकल्याची उबळ येते, तो त्या कामावर टिकतच नाही. तो घरी खाटेवर असतो आणि मोजणाऱ्याला दिसत नाही. भट्टीवर फक्त भट्टी सोसणारेच मोजले गेले, तर भट्टी औषध वाटणारच. दिसणाऱ्यांबरोबर न दिसणाऱ्यांचीही चौकशी करायला हवी.

गंमत अशी की त्याच काळात डॉक्टर रोग्याला उलट दिशेने, म्हणजे थंड मोकळ्या हवेत, पाठवू लागले होते. आपल्या सातारा जिल्ह्यात पाचगणीला डॉ. रुस्तम बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर हे आरोग्यधाम सुरू केले. सांगली-मिरज रस्त्यावरची वॉनलेसवाडी तर आमच्या अंगणातली. विल्यम वॉनलेस हे मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये, म्हणजे ट्रुडो यांची तपासणी छापली गेली त्याच वर्षी, भारतात आले. मिरजेचे त्यांचे रुग्णालय प्रसिद्धच आहे. वॉनलेसवाडी क्षयरोग्यांच्या आरोग्यधामासाठी ओळखली गेली. तिथे विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा मिळे. काहींना त्याने आधार मिळाला. पण जंतू मारणारे औषध तेही नव्हते.

ते औषध १९४३ मध्ये सापडले, स्ट्रेप्टोमायसिन. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या प्रसिद्ध पाहणीने दाखवून दिले की ही औषधे नियमित घेतली तर गरिबाच्या खोलीत राहणारा रोगीही आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. हवा कोणती, यापेक्षा गोळी चुकली का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

आमच्या मामूंची गोष्ट त्यानंतरची, १९७०च्या दशकातली. ते यंत्रमागावर काम करत. खोकला सुरू झाला तेव्हा नानीने जे तिला येत होते ते सगळे केले. विटेचा शेक, ओव्याची धुरी, निखाऱ्यांची शेगडी उशाशी. “छाती गरम राहिली की कफ सुटेल, मग बरं वाटेल,” असे ती म्हणे. तिच्या मायेत काही उणे नव्हते. पण चार महिने त्यात गेले. थुंकी तपासली तेव्हा क्षय बराच पसरला होता. मग रोजची इंजेक्शने, दीड वर्ष गोळ्या. मामू वाचले, त्यांनी नातवंडे पाहिली. मात्र पुढे आयुष्यभर जिना चढताना ते मध्ये थांबत. त्या चार महिन्यांत फुफ्फुसाचा जो भाग गेला तो औषधांनी परत आला नाही.

मला सांगायचे आहे ते एवढेच. गरम हवा, वाफारा, शेक यांनी क्षय बरा होत नाही. नुसते ‘बरा होत नाही’ एवढ्यावर हे संपत नाही. त्या नादात जे आठवडे जातात, त्यांत जंतू फुफ्फुस पोखरत राहतो आणि घरातल्या इतरांनाही गाठतो. बंद खोलीत रोग्यापाशी शेगडी पेटवून खिडक्या लावून घेणे हे तर त्याहून वाईट, कारण हा रोग हवेतूनच पसरतो.

आज परिस्थिती वेगळी आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असेल तर जवळच्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी आणि औषधे मोफत आहेत. साध्या क्षयाला साधारण सहा महिने औषधे पुरतात. २०१८ पासून रोग्याच्या आहारासाठी सरकारकडून दरमहा ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले. दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि नेमकी तिथेच माणसे गोळ्या सोडतात. तसे करू नये. अर्धवट सोडलेला जंतू पुढे औषधांनाही दाद देत नाही.

डॉ. ट्रुडो १९१५ मध्ये त्याच क्षयाने गेले. त्यांना औषध सापडले नाही. पण बरे वाटते की नाही हे रोग्याला विचारायचे आणि जंतू मेला की नाही हे थुंकीला विचारायचे, हा त्यांचा रिवाज आजही तसाच चालू आहे. घरात कुणी खोकत असेल तर पातेले चुलीवर ठेवण्याआधी थुंकीची डबी आणा.